गोठलेल्या पँगाँगच्या काठानं

लडाखमधल्या पँगाँग तळ्याचे आपण पाहतो ते फोटो बहुतेक जून ते सप्टेंबरमधले असतात. निळंशार पाणी, मागे तपकिरी डोंगर, काठावर रंगीत खुर्च्या आणि फोटोसाठी लागलेली रांग. दादा-वहिनींनी फेब्रुवारीत जायचं काढलं तेव्हा घरात सगळ्यांना कोडं पडलं, की सगळा बर्फच असणार तर तिथं बघायचं काय? मला मात्र हिवाळाच हवा होता. जानेवारीत हे तळं काठापासून काठापर्यंत गोठतं आणि फेब्रुवारीत बर्फ चांगला भक्कम असतो. वसंत जवळ आला की त्याचा भरवसा नाही. शिवाय लेहहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी धावपळ करायची नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. काठावर मुक्काम करायचा, काठानं चालायचं, एवढाच बेत.

शनिवार ते सोमवार, लेह

दिल्लीहून पहाटेचं विमान. बर्फाच्या रांगांवर ऊन यायला आणि खिडकीतून त्या दिसायला एकच गाठ पडली. लेह 11,500 फुटांवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे पहिला दिवस झोपून काढायचा हा इथला नियमच आहे. आम्ही तो पाळला. भरपूर पाणी, पातळ सूप, दोन-दोन पांघरुणं, आणि विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलेली डायमॉक्सची गोळी. दुसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागणं कमी झालं आणि भूकही परत आली.

हिवाळ्यातलं लेह उन्हाळ्यापेक्षा कितीतरी आपलंसं वाटतं. निम्मी दुकानं बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर गाड्या मोजक्या. नळाचे पाइप फुटू नयेत म्हणून रिकामे केलेले असतात, त्यामुळे अंघोळीला एक बादली गरम पाणी मिळालं की आनंद. जामा मशिदीमागच्या गल्लीत तंदूरवाले पहाटेपासून रोट्या काढत असतात. तिथली गरम रोटी तिथंच उभं राहून खाल्ली. कर्झूच्या तळ्यावर मुलं-मुली आइस हॉकी खेळत होती. सात-आठ वर्षांची एक मुलगी, तिच्या उंचीला जड वाटणारी काठी घेऊन, पडत-उठत चेंडूऐवजी असते ती चपटी चकती ढकलत होती. अर्धा तास आम्ही तिलाच बघत उभे होतो.

पँगाँगला जाण्यासाठी भारतीयांनाही ऑनलाइन नोंदणी करून पर्यावरण शुल्क भरावं लागतं. त्या कागदाच्या तीन-चार छापील प्रती जवळ ठेवल्या. वाटेतल्या चौक्यांवर त्या द्याव्या लागतात आणि थंडीत फोनची बॅटरी कधी मान टाकेल सांगता येत नाही.

मंगळवार, चांग ला ओलांडून

आमचे ड्रायव्हर लेहजवळच्याच गावातले. लडाखीत मोठ्या भावाला आदरानं ‘आचोले’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना तसंच म्हणायला लागलो. कारूपर्यंत सिंधूच्या काठानं रस्ता जातो. नदीच्या कडांवर बर्फाच्या जाड पट्ट्या आणि मधून हिरवट पाण्याची धार. शक्तीची शेतं पांढरी पडली होती. झिंगरलला आचोलेंनी चाकांना साखळ्या बांधल्या. त्यांचे हात इतके सरावलेले, की हातमोजे काढून, बांधून, पुन्हा घालेपर्यंत आमचा चहाही संपला नव्हता.

चांग ला या खिंडीची उंची साडेसतरा हजार फुटांच्या वर. वारा कापत होता. पताका बर्फात अर्ध्या गाडलेल्या. तिथं दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, हे आचोलेंनी सांगितलं आणि तेच बरोबर आहे. खिंडीत रमायचं नसतं, उतरायचं असतं.

दुर्बुकनंतर दरी रुंद होते. उतारावर भरलांचा, म्हणजे इथल्या रानमेंढ्यांचा कळप उकरून उकरून काहीतरी खात होता. पुढे तांगत्से लागतं. या गावाजवळच्या शिळांवर क्रूस कोरलेले आहेत आणि सोग्डियन भाषेतला एक लेख आहे, साधारण नवव्या शतकातला. समरकंदच्या बाजूचे प्रवासी तिबेटला जाताना या दरीतून गेले, त्यांची ही खूण. आज लष्करी ट्रक ज्या वाटेनं जातात, तीच वाट.

मुगलिबपासून मात्र मी काचेला नाक लावून बसलो होतो. इथली दरी सपाट, रुंद आणि आतून जवळजवळ कोरडी आहे. एवढ्याशा ओढ्याला एवढी मोठी दरी शोभत नाही, असं वाटतं. खरं तर हा पँगाँगचा जुना दरवाजा आहे. एके काळी तळ्याचं पाणी इथून वाहत जाऊन श्योक नदीला आणि तिथून सिंधूला मिळत असे. मग ही वाट गाळ-दगडांनी बुजली आणि तळं कोंडलं. पाणी आत येतं, बाहेर पडतं ते फक्त वाफ होऊन, आणि क्षार मागे राहतात. म्हणून हे तळं मचूळ आहे.

लुकुंगच्या अलीकडच्या वळणावर ते दिसलं. उन्हाळ्यातला निळा तुकडा नाही, तर डोंगरांच्या मध्ये ओतलेली करडी-पांढरी सपाटी, आणि तिच्यावर लांब लांब निळ्या रेघा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, याला काठ कुठं आहे?" खरंच, जमीन कुठं संपते ते कळत नव्हतं.

स्पांगमिकला दुपारी पोहोचलो. उन्हाळ्यात इथं तंबूंची गर्दी असते. आता तंबू उचललेले, दगडांचे चौकोन तेवढे राहिलेले, आणि मोजक्याच घरांच्या धुराड्यांतून धूर. आमच्या होमस्टेच्या आमाले, म्हणजे घरच्या आई, दारात उभ्या होत्या. "जुले, जुले," म्हणत त्यांनी आम्हाला थेट स्वयंपाकघरात नेलं, कारण हिवाळ्यात घर म्हणजे तेवढंच असतं. मध्ये शेणी आणि लाकडं घातलेली बुखारी, भिंतीला तांब्या-पितळेची भांडी ओळीनं मांडलेली, खाली गालिचे. मिठाचा लोण्याचा चहा आला. पहिल्या घोटाला जीभ बिचकते. या उंचीवर ओठ फुटलेले आणि घसा कोरडा असताना दुसऱ्या पेल्याला मात्र तोच हवा असतो.

रात्री स्क्यू होतं, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, बटाटा, गाजर आणि सुकं मटण यांचा घट्ट रस्सा. प्रेशर कुकर सारखा शिट्ट्या देत होता. सुमारे 14,000 फुटांवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर डाळ शिजतच नाही. दादा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो आमालेंना हे समजावून सांगायला गेला, तर त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या सासूबाई उडदाची डाळ सकाळीच चुलीवर ठेवत आणि ती रात्री खाल्ली जाई.

बुधवार, काठ

सकाळी सातला दादाच्या थर्मामीटरवर उणे 21. अंगावर पाच थर चढवून बाहेर पडलो. घरापासून तळं पाच मिनिटांवर, पण या हवेत सावकाश चालायचं म्हणजे दहा.

आधी आवाज ऐकू आला. खोल कुठंतरी एक ‘धुम्म’, आणि मग लांबून ‘प्यूंऽऽव’ असा वरच्या पट्टीतून खाली घसरत येणारा सूर. आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. रात्रभर आक्रसलेल्या बर्फावर ऊन पडायला लागलं की तो फुगतो, त्याच्यावर ताण येतो, आणि त्याला तडे जातात. तड्याचा धक्का बर्फाच्या थरातून पळतो. त्यातले उंच स्वर वेगानं पुढे येतात, खालचे मागे राहतात. म्हणून तडा जितका दूर, तितका तो सूर लांबत येतो. जवळचा तडा नुसता ‘टक्’ करतो. हे कळल्यावर आम्ही डोळे मिटून अंदाज बांधायला लागलो, की हा समोरच्या किनाऱ्याकडचा, हा मान गावाच्या बाजूचा. तळ्याची रुंदी जास्तीत जास्त पाच-एक किलोमीटर आहे, पण लांबी सुमारे 134. त्यातला एक तृतीयांशच्या आसपास भाग भारताच्या ताब्यात आणि बाकीचा पलीकडे, चीनकडे. आवाजाला त्याचं काही नाही. तो कुठूनही येतो.

मग काठावर बसून बघायला सुरुवात केली. खड्यांच्या उतारावर एक पांढरी, बोटभर रुंद रेघ होती. वहिनींना ते हिम वाटलं. दादानं बोटानं खरवडून जिभेला लावलं. खारट, थोडं कडू. शरदात पाणी खाली गेलं तेव्हा वाळून बसलेले ते क्षार. तिच्या खाली तीन-चार फुटांवर बर्फ सुरू होत होता. तिथला एक तुकडा तोडून मी चोखला, तर त्याला खारटपणा जवळपास नव्हताच. पाणी गोठताना स्फटिकात मीठ मावत नाही, ते खालच्या पाण्यात ढकललं जातं. दोन-तीन हातांच्या अंतरात तळ्याचे हे दोन्ही व्यवहार मांडून ठेवलेले होते, उन्हाळ्यात मागे टाकलेलं मीठ आणि हिवाळ्यात वेगळं काढलेलं गोडं पाणी. मध्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्याला हे दिसणार नाही.

काठालगतचा बर्फ आरपार दिसत होता. वीतभर खाली तळाचे खडे, करडे, तांबूस, एक-दोन हिरवट. त्यांच्यावर बुडबुड्यांच्या माळा जागीच थिजलेल्या, तळाशी बारीक आणि वर येताना चपट्या होत गेलेल्या. वाऱ्यानं आणून टाकलेला एक काळा खडा बर्फाच्या पृष्ठभागावर नव्हता, तर स्वतःच्याच मापाच्या खळग्यात इंचभर खाली बसला होता. दिवसा ऊन खाऊन तो तापतो, खालचा बर्फ वितळवतो आणि थोडा खाली जातो. रात्री ते पाणी पुन्हा गोठतं. असे शेकडो खडे होते, प्रत्येक आपापल्या खळग्यात. सगळे गडद रंगाचे. पांढरा गारगोटीचा खडा शेजारीच, पण वरच.

थोडं पुढं गेल्यावर बर्फ काठावर चढलेला होता. वारा आणि फुगवटा मिळून आख्ख्या थराला किनाऱ्याकडे रेटतात, तो फुटतो आणि तुकडे एकमेकांवर सरकतात. फरशीवाल्याच्या दुकानाबाहेर काचा टेकवून ठेवाव्यात तसे ते निळसर तुकडे खड्यांवर तिरपे उभे होते. ऊन त्यांच्यातून आलं की मागच्या दगडांवर फिकट हिरवा उजेड पडायचा. वहिनी बराच वेळ फक्त त्या उजेडाचा हात फिरवल्यासारखा हलणारा कडेचा भाग बघत बसल्या.

बर्फावर जावं का? आमालेंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. जिथं ओढा तळ्याला मिळतो तिथं पाय ठेवायचा नाही, वाहतं पाणी बर्फाला खालून खातं. तड्यातून पाणी वर आलेलं दिसलं की मागे फिरायचं. आणि गावातलं कुणी सोबत नसेल तर काठ सोडून लांब जायचं नाही. त्यांचा मुलगा सोबत आला तेव्हा आम्ही थोडं आत गेलो. याच बर्फावर 2023 च्या फेब्रुवारीत लुकुंग ते मान अशी 21 किलोमीटरची अर्धमॅरेथॉन झाली आणि गिनेस बुकात नोंदली गेली. मला मात्र शंभर पावलांतच परत काठाकडे यावंसं वाटलं. भीती नव्हती, तिथं बघण्यासारखं कमी होतं म्हणून.

दुपारी वारा उठण्याआधी वहिनींची दुर्बीण बाहेर आली. त्या दर हिवाळ्यात भिगवणला जातात, उजनीच्या पाण्यावर. इथं उन्हाळ्यात वीण घालणारे पट्टकादंब आणि चक्रवाक हिवाळ्यात दक्षिणेला उतरतात, आणि त्यांतले काही थवे थेट आपल्या उजनीला येतात. पट्टकादंब हिमालय ओलांडताना 7,000 मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. गाडीतून दहा मिनिटं थांबूनही आमची दमछाक झाली होती, त्या चांग लापेक्षा ही उंची दीड-पावणेदोन किलोमीटर जास्त. वहिनी समोरच्या रिकाम्या बर्फाकडे बघून म्हणाल्या, "आत्ता ते सगळे आपल्याकडे आहेत. घर बदलून आलोय आपण." काठावर मग राहिलं कोण? चकोरांचा एक थवा खड्यांत दाणे टिपत होता, काळे चफ कावळे होते, आणि डोक्यावर दोन बारीक शिंगं असल्यासारखी पिसं मिरवणारे शिंगी चंडोल अगदी पायाशी. संध्याकाळी एक लाल कोल्हा काठाकाठानं, क्षारांची रेघ धरून, आमच्याकडे न बघता निघून गेला. त्याच्या मिशांवर दहिवर गोठलेलं होतं.

रात्री जेवणानंतर पाच मिनिटांसाठी बाहेर आलो आणि पाऊण तास आत गेलोच नाही. मृग नक्षत्र डोक्यावर, व्याधाचा तारा डोंगराच्या वर, आणि त्याच्या शेजारून आकाशगंगेची फिकट हिवाळी बाजू. अंधार पडल्यावर बर्फ पुन्हा आक्रसायला लागतो, त्यामुळे खालून ‘धुम्म’ आणि ‘प्यूंऽऽव’ सुरूच होतं.

गुरुवार, मान आणि मेराक

दक्षिण काठानं मेराकपर्यंतचा रस्ता. पाऊसपाणी इथं नावालाच असल्यामुळे हिमही फारसं साचत नाही, वारा ते उडवून लावतो. रस्ता बऱ्यापैकी मोकळा होता. उजवीकडच्या उतारावर तळ्याला समांतर पायऱ्या दिसतात, एकीवर एक. ते जुने किनारे आहेत. पाणी जेव्हा आजच्यापेक्षा बरंच वर होतं तेव्हा लाटांनी कोरलेले. आचोलेंनी गाडी थांबवली तेव्हा मी त्यातल्या खालच्या पायरीपर्यंत चढून गेलो. पायाखाली गोल घासलेले खडे, अगदी आजच्या काठावर आहेत तसेच. वर उभं राहून खालच्या बर्फाकडे पाहिलं तेव्हा कोंडलेलं तळं किती आटलंय याचा हिशेब नजरेनंच झाला.

मेराकच्या अलीकडे कियांगांचा, म्हणजे इथल्या रानगाढवांचा कळप भेटला. तांबूस पाठ, पांढरं पोट, आणि माणसाला बघून आधी टक लावून पाहायचं, मग पळायचं अशी सवय. गावाबाहेर पश्मिना शेळ्यांचा वाडा होता. सांभाळणाऱ्या आजोबांनी एका शेळीची लांब केसं बाजूला करून आतली लोकर दाखवली. बोटांना ती लागल्याचं कळतच नाही, फक्त ऊब कळते. थंडी जितकी कडक तितकी ही लोकर दाट येते, आणि उन्हाळा लागताना ती विंचरून काढतात. गेल्या काही वर्षांत हिवाळे नरम पडतायत, असं ते म्हणाले. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सोडतो. आपल्याकडे गोठलेलं तळं म्हणजे सहलीचा विषय. त्यांच्या घरात तो लोकरीच्या भावाचा विषय आहे.

इथून पुढे चुशुल आणि रेझांग ला. 18 नोव्हेंबर 1962 ला मेजर शैतान सिंह आणि 13 कुमाऊं बटालियनची चार्ली कंपनी तिथं चिनी सैन्याशी शेवटच्या गोळीपर्यंत लढली. नोव्हेंबरात, या वाऱ्यात, सोळा हजार फुटांवर. आमच्या अंगावर पाच थर होते. त्यांच्याकडे काय होतं, हा विचार इथं उभं राहिल्यावर टाळता येत नाही. आम्ही मेराकहूनच मागे फिरलो, दिवस लहान असतो.

शुक्रवार, परतीची वाट

सकाळी आमालेंबरोबर ओढ्यावर गेलो. त्या पहारीनं बर्फ फोडतात, खालचं वाहतं पाणी तांब्यानं डब्यात भरतात आणि पाठीवर घेऊन येतात. रोज. तळं समोर असून पिता येत नाही. एक डबा मी उचलला आणि घरापर्यंत तीनदा टेकवला.

परतताना शिवाजी महाराजांच्या पुतळ्याशी थांबलो. 26 डिसेंबर 2024 ला लष्करानं पँगाँगच्या काठावर, 14,300 फुटांवर त्याचं अनावरण केलं. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान या सीमेवर असतात, त्यांना हा पुतळा किती जवळचा असेल हे सांगायला नको. आम्हा तिघांचे हात आपोआप जोडले गेले, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी, हे उभारताना इथल्या लोकांना विचारलं का, इथल्या निसर्गाचा विचार झाला का, असे प्रश्न स्थानिक प्रतिनिधींनी विचारले होते, आणि ते विचारण्याचा त्यांना हक्क आहे असं मला वाटतं. हा काठ आधी त्यांचा आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असं बजावणाऱ्या राजाचं नाव घेणाऱ्यांनी तर हे नक्कीच ऐकून घ्यावं.

चांग लाला हिम भुरभुरायला लागलं होतं. आचोलेंनी पुन्हा साखळ्या बांधल्या. संध्याकाळी लेहला गरम पाण्याच्या बादल्या तयार होत्या.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: लेहला निदान दोन पूर्ण दिवस आणि काठावर किमान दोन रात्री राहा, कारण बर्फाचा आवाज सकाळी आणि अंधार पडल्यावरच चांगला ऐकू येतो, आणि दिवसाच्या सहलीत नेमक्या याच वेळा हातच्या जातात. खिंड बंद पडली तर अडकायला एक दिवस मोकळा ठेवा. बाटलीतलं पाणी रात्री गोठतं, म्हणून थर्मास हवा. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झोपताना पांघरुणात घ्या. डोकेदुखी, उलटी, तोल जाणं यांपैकी काही वाढत गेलं तर वाट न बघता खाली उतरा. प्लॅस्टिक आणलंत तेवढं परत न्या, इथं ते जाळण्यावाचून दुसरी सोय नाही. पैसे रोख ठेवा, आणि बुखारीचं जळण वेगळं विचारून त्याचे जादा पैसे द्या. ते लाकूड फार लांबून आलेलं असतं.